साठ किलोवर ठाण मांडून बसलेला बेंच

लेथवाला

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

बेळगावात उद्यमबागेत एका मशीनशॉपमध्ये लेथवर असतो. वय ३४, वजन ७२. दीड वर्षापूर्वी कंबर धरली, डॉक्टर म्हणाले काहीतरी व्यायाम लावून घ्या, म्हणून घरामागच्या जिमला जायला लागलो. सुरुवातीला लय भारी वाटलं. नुसता रॉड धरून थरथरणारा माणूस सहा महिन्यांत पन्नास किलो बेंच (बाकावर पडून छातीवरून रॉड वर ढकलायचा) मारायला लागला. दर पंधरा दिवसांनी काही ना काही वाढायचंच. मार्चमध्ये साठ किलो पाच वेळा उचललो. त्या दिवशी घरी जाताना कुंदा घेऊन गेलो, बायको विचारली कोण पास झालं.

आता जुलै संपत आला. साठ किलो, पाच वेळा. सहावा रिप अर्ध्यात थांबतो आणि मागचा पोरगा रॉड धरतो.

मधल्या काळात करायचं ते सगळं केलो. आठवड्याला दोनदा बेंच होता, तो चारदा केलो. पावडरचा डबा संपवलो. मोबाईलवर बघून पकड बदललो. एकदा चिडून पासष्ट लावलो आणि छातीवर रॉड घेऊन पडलो, सगळी जिम बघितली. आता डावा खांदाही कुरकुरतोय. पाऊस असा लागलाय की बाहेर काही करायची सोय नाही. माझं एवढंच होतं असं धरून सोडून द्यावं काय?

निपाणीकर

खाणं वाढवा. बाकी काही नाही.

खानापूरचा_सध्या_पुण्यात

"उचललो", "केलो", "बायको विचारली" वाचून एकदम घरी गेल्यासारखं वाटलं राव. इथं ऑफिसात मी एकदा "जेवण केलो" म्हणालो तर चार दिवस चिडवत होते.

मुद्द्याचं. वही ठेवता का? कुठल्या दिवशी किती सेट, किती वेळा, असं सगळं? नुसता "साठ पाच वेळा" हा आकडा सांगून कुणाला काही कळणार नाही.

फिजिओ_कॅम्प

लेथवाला, सोडून देऊ नका. आणि खांदा कुरकुरत असताना चारदा बेंच करणं आधी बंद करा, उद्यापासूनच.

तुमच्याबाबतीत काय झालं असावं ते सांगते. पहिल्या काही महिन्यांत जी ताकद वाढते, त्यातला मोठा भाग स्नायू वाढल्यामुळे नसतो. मेंदू आणि नसा त्याच स्नायूंकडून जास्त काम करून घ्यायला शिकतात. सायकल शिकण्यासारखंच, म्हणून ते झपाट्यानं होतं. ते शिकून झालं की पुढची वाढ खरोखरचा स्नायू वाढून व्हावी लागते, आणि ती महिन्यांच्या हिशेबानं होते, आठवड्यांच्या नाही. लोकांना वाटतं आपण अडकलो. बऱ्याचदा पहिली फुकटची कमाई संपलेली असते, एवढंच.

दुसरी गोष्ट थकव्याची. व्यायामानं ताकद येते तसा थकवाही साठतो, आणि साठलेला थकवा ताकदीला झाकून टाकतो. दोनचे चार दिवस करून तुम्ही नेमका तो वाढवलात. आता मला तीन गोष्टी सांगा. झोप किती? दिवसभरात खाता काय, वाटी-वाटीनं सांगा. आणि तुमच्या जिममध्ये सगळ्यात लहान प्लेट किती किलोची आहे?

शहापूरची_माती

मी तालमीतला माणूस, जिमचं मला कळत नाही. पण अडणं कळतं.

आमच्या वेळी किलो नव्हतं ओ. जोर मोजायचो, बैठका मोजायचो, आणि वस्ताद नुसता बघायचा. एका वर्षी मी जोरावर अडकलो. तीनशे झाले की हात लटपटायचे, मग रोज पहाटे तीनशेला पोचायचो आणि तिथंच मरायचो. दोन महिने. घरी म्हशीचं दूध, बदाम, सगळं चालू. वस्तादाला सांगितलो तर म्हणाला, उद्यापासून जोर बंद. मला वाटलं हाकललाच. मग फावडं हातात दिला आणि आठ दिवस हौदा खणायला लावला. तुम्ही कधी हौद्याची माती खणून बघितलाय काय? तेल, ताक, हळद मुरलेली लाल माती, वरून मऊ दिसते आणि खाली दगडासारखी बसलेली असते. पहिल्या दिवशी कमरेचे टाके निघाले. संध्याकाळी दोर चढायचा, बस्स. नवव्या दिवशी म्हणाला, मार जोर. साडेतीनशेला थांबवला तोच, मी नाही थांबलो.

लढतीचं पण तसंच. रोज एकाच जोडीदाराशी खेळून खेळून त्याचा हात कुठं येणार ते अंगाला पाठ होतं. मला वस्तादानं दोन वर्षांनी लहान, पण चपळ पोरगा दिला. पहिल्या आठवड्यात त्यानं मला रोज पाडला. लाज वाटली, पण तिथनंच खेळ सुटला माझा.

आणखी एक. आमच्याकडं बारा महिने एकच मेहनत कधीच नव्हती. पावसाळ्यात मैदानं नसतात, तेव्हा अंग भरायचं. दिवाळीनंतर गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की मेहनत कमी, लढत जास्त. तुमच्या जिमात बघतो तर पोरं बारा महिने एकच करालीत.

फिजिओ_कॅम्प

काका, तुमच्या वस्तादांनी जे केलं त्याला आमच्याकडं डीलोड म्हणतात आणि वर्षाच्या वाटणीला पिरियडायझेशन. त्यावर जाडजूड पुस्तकं आहेत. फावड्याचा उल्लेख मात्र कुठं वाचला नाही.

शहापूरची_माती

नाव कायपण ठेवा. हौदा खणायला माणूस मिळत नव्हता हेपण एक कारण असणार, वस्ताद लय हुशार होता.

वडगावची_सून

धागा पळवते आहे, माफी असावी, पण माझंही असंच अडलंय. वजनं नाही, पळणं. वय ४१. सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या झाडीतून पळते, आठवड्याला चार दिवस. पाच किलोमीटरला ३६ मिनिटं, गेल्या पाच महिन्यांत ३५ च्या आत एकदाही नाही. रोज जीव तोडून पळते, घरी आल्यावर अर्धा तास बोलवत नाही. सासूबाई म्हणतात, कोण मागं लागतं गं तुझ्या?

गप्प_बसा

बायकांनी चालावं. एवढं पळून काय ऑलिंपिकला जायचंय.

वडगावची_सून

ऑलिंपिकला नाही. पण आपल्या तुरमुरीच्या मलप्रभा जाधवनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कुराशमध्ये (कुस्तीचाच एक प्रकार) ब्राँझ आणलं, तेव्हा तिलाही कुणीतरी चाल म्हणालं असेलच. तुमचं नाव छान आहे, तसं वागून बघा.

चोर्ला_सायकल

वडगावची_सून, +१. तुमचं दुखणं तुम्हीच लिहिलंय: "रोज जीव तोडून". मीही सायकलवर तीन वर्षं हेच केलं. रोज जांबोटीच्या रस्त्याला लागायचो आणि रोज स्वतःशीच शर्यत. ना पुरेसं हळू, ना पुरेसं जोरात, मधलंच काहीतरी. त्यानं रोज दमायला होतं आणि वेग काही वाढत नाही.

चारातले तीन दिवस इतकं हळू पळा की शेजारणीशी पूर्ण वाक्यात बोलता यायला हवं. लाज वाटेल एवढं हळू. चालणाऱ्या आजोबांनी मागं टाकलं तरी हरकत नाही. चौथ्या दिवशी चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं सावकाश, असं चार वेळा. सुरुवातीला आणि शेवटी दहा मिनिटं आरामात. कधीमधी येळ्ळूरला राजहंसगडाचा चढ करा, पण पाऊस कमी झाल्यावर. मे महिन्यातला वेळ डिसेंबरच्या वेळेशी लावूही नका, उकाड्यात त्याच वेगाला हृदय जास्त धडधडतं.

फिजिओ_कॅम्प

ताई, चोर्ला सांगतात ते बरोबर. सोबत एकदा रक्त तपासून घ्या. नुसतं हिमोग्लोबिन नको, फेरिटिनही. हिमोग्लोबिन कागदावर ठीक आणि शरीरातला लोहाचा साठा तळाला, हे बायकांमध्ये पुष्कळ बघते. आणि जेवणाला लागून चहा घेत असाल तर तो लांब सारा, जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही तो.

लेथवाला

सगळ्यांचे आभार. काल थर्ड शिफ्ट होती म्हणून उशीर. प्रश्नांची उत्तरं:

वही आहे, पण त्यात फक्त सगळ्यात जड सेट लिहितो. बाकीचं लिहीत नव्हतो.

झोप: पहिल्या पाळीला साडेसहा तास. रात्रपाळीच्या आठवड्यात दिवसा चार-साडेचार, कारण खाली पत्र्याचं शेड आहे आणि पोरं क्रिकेट खेळतात.

खाणं: सकाळी पोहे नाहीतर उप्पीट. डब्यात दोन भाकऱ्या, भाजी, आमटी. संध्याकाळी दोन अंडी. रात्री भात, आमटी, अर्धा लिटर दूध. रविवारी चिकन. पावडर संपल्यापासून बंद.

सगळ्यात लहान प्लेट अडीचची. तीपण एकच जोडी, आणि ती कायम कुणाच्यातरी ताब्यात.

फिजिओ_कॅम्प

म्हणजे साठवरून पुढची पायरी थेट पासष्ट. पाच किलो म्हणजे आठ टक्क्यांची उडी. दीड वर्ष झालेल्या माणसाला बेंचवर एका दमात आठ टक्के मिळत नसतात. पायाच्या व्यायामात पाच किलो खपून जातात, शंभरावर ते पाचच टक्के. दुसऱ्या महायुद्धात थॉमस डिलॉर्म नावाच्या अमेरिकन लष्करी डॉक्टरनं जखमी सैनिकांच्या पायांवर हे वजन वाढवत न्यायचं तंत्र बसवलं. दहा-दहाचे तीन सेट: पहिला अर्ध्या वजनाचा, दुसरा पाऊणचा, तिसरा पूर्ण. जमलं की थोडं वाढवायचं. सगळं त्या "थोडं" मध्ये आहे.

खाण्याचा अंदाज: दोन अंड्यांतून १२ ग्रॅम प्रथिनं, दुधातून १६, भाकरी-आमटी-भात सगळं धरून तीसेक. साठच्या आसपास. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला किलोमागे १.६ ग्रॅम धरतात, म्हणजे तुम्हाला ११५. निपाणीकर एका ओळीत सांगून गेले ते खोटं नव्हतं. पावडरच हवी असं नाही. डब्यात ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या म्हणजे पंचवीस ग्रॅम. आणखी दोन अंडी, वाटीभर उसळ, मूठभर शेंगदाणे.

खानापूरचा_सध्या_पुण्यात

एक बावळट प्रश्न. तो रॉड वीसचाच आहे कशावरून?

लेथवाला

जिममध्ये सगळे वीसच धरतात.

खानापूरचा_सध्या_पुण्यात

सगळे धरतात म्हणूनच विचारलं. स्पर्धेचा पुरुषांचा रॉड २० किलोचा, २.२ मीटर लांब. गल्लीतल्या जिममधला बारीक रॉड तसा असेलच असं नाही. तुम्ही मशीनशॉपमध्ये आहात, काटा असेलच की.

लेथवाला

मंडळी, बसून वाचा.

शनिवारी सुपरवायझरला विचारून स्टोअरमधला काटा जिमला नेलो. मालक हसला, पण हो म्हणाला. रॉड काट्यावर उभा केलो. १६.४. दोनदा बघितलो, परत १६.४.

मग प्लेटा घेतलो. आमच्याकडं दहाच्या दोन जातीच्या आहेत. जुन्या हिरव्या, रंग उडालेल्या, आणि नंतर आणलेल्या काळ्या. सगळ्यांवर १० असंच ओतलेलं. हिरव्या चार: ९.२, ९.३, ९.६, ९.६. काळ्या सहा: सगळ्यात हलकी १०.४, सगळ्यात जड १०.९.

हे होणारच होतं, मला आधी सुचायला पाहिजे होतं. रोज बिडाची कास्टिंग हाताळतो मी. वाळूच्या साच्यात ओतलं की साचा थोडा फुगला तरी माल जड येतो, पॅटर्न (साच्याचा नमुना) झिजलेला असला की हलका. आम्ही ते टर्निंग करून मापात आणतो. प्लेटीला कोण टर्निंग करतंय? ओतली, घासली, रंग मारला, संपलं.

आता खरी गंमत. मार्चमध्ये मी संध्याकाळी जायचो. तेव्हा काळ्या प्लेटा पोरं आधीच पळवायची, मला चारी हिरव्या मिळायच्या, हे पक्कं आठवतं कारण हाताला रंग लागायचा. म्हणजे माझं मार्चचं "साठ" होतं ५४.१. जूनपासून पाळी बदलली, दुपारी जातो, जिम रिकामी असते, स्टँडवर पुढं असेल ती प्लेट उचलतो. डावीकडं दोन काळ्या, १०.९ आणि १०.८. उजवीकडं एक काळी १०.४ आणि एक हिरवी ९.६. एकूण ५८.१.

म्हणजे मी अडकलोच नव्हतो. चार किलोनं वाढलो होतो, आणि तेच चार महिने स्वतःला शिव्या घालत होतो. शिवाय डावीकडं पावणेदोन किलो जास्त उचलत होतो. डावा खांदा उगाच कुरकुरत नव्हता बहुतेक.

शहापूरची_माती

अगा बाबा.

निपाणीकर

हा धागा वाचनखुणेत.

चोर्ला_सायकल

चार महिने दुःखात आणि कुंदा खाल्ला ५४ किलोवर. मालकाकडून कुंद्याचे पैसे परत मागा.

फिजिओ_कॅम्प

हसू आवरल्यावर लिहिते आहे. खांद्याचं कारण ते असेल किंवा नसेलही, लगेच निकाल लावू नका. महिन्यात कमी नाही झालं तर कुणाला तरी दाखवा.

आणि ५८ वर तुम्ही आता खरंच रेंगाळणार आहात, कारण झोप, खाणं आणि पाचाची उडी तिथंच आहेत. एक आठवडा सगळं निम्म्यावर आणा, सेटही कमी. मग आठवड्यातून दोनदाच बेंच. एक दिवस पाच-पाचचा, जड. दुसऱ्या दिवशी हलकं वजन, आठ ते दहा वेळा, आणि दोन रिप शिल्लक असताना थांबायचं. रात्रपाळीच्या आठवड्यात वजन वाढवायच्या भानगडीतच पडू नका, आहे ते टिकवा. वहीत प्रत्येक सेट लिहा. वेगळ्या रिप्सची तुलना करायची तर वजन गुणिले रिप्स भागिले ३०, त्यात मूळ वजन मिळवा. ५८ पाच वेळा म्हणजे एकदाच उचलायचं तर साधारण ६७-६८. आणि ५५ नऊ वेळा म्हणजे साडेएकाहत्तर. रॉडवर वजन कमी दिसलं तरी माणूस पुढं गेलेला असू शकतो.

उरला लहान प्लेटांचा प्रश्न.

लेथवाला

तो प्रश्न मला विचारताय?

मऊ स्टीलच्या बारचा तुकडा पडला होता. बाहेरचा व्यास १०० मिमी, बोअर (मधलं भोक) ३०, जाडी ९. हिशेबानं ५०५ ग्रॅम येतात. जेवणाच्या सुट्टीत सहा चकत्या काढलो, कडा मोडून घेतलो. काट्यावर सगळ्या ५०० ते ५०८. एका जोडीनं बरोबर एक किलो चढतो. जिममधल्या सगळ्या प्लेटांवर पांढऱ्या मार्करनं खरं वजनपण लिहून टाकलो.

वडगावची_सून

माझाही हिशेब देते. फेरिटिन खरंच कमी निघालं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत. हळू पळायला लागले तर पहिल्या आठवड्यात सगळ्या मैत्रिणींनी विचारलं, बरं नाही का? डेपोत एक आजोबा काठी घेऊन चालतात, त्यांनी खरंच मला मागं टाकलं आणि वळून हसले. पण घरी आल्यावर बोलता येतं आता. सासूबाईंना ते फारसं आवडलेलं दिसत नाही.

लेथवाला

धागा वर काढतोय. दोन महिने झाले.

एक आठवडा निम्म्यावर, मग ५४ पासून खऱ्या किलोत परत सुरू. मध्ये दोन आठवडे रात्रपाळी होती, तेव्हा काहीच वाढवलो नाही. डब्यात सोयाबीन आल्यापासून शेजारचा माझ्याबरोबर जेवायला बसत नाही. दिवसा झोपताना खिडकीला घोंगडं लावतो, साडेपाच तास होतात. खांदा आता गप्प आहे. काल ५८.१ वर तिन्ही जोड्या चढवलो. ६१.१, पाच वेळा. सहावा गेला नाही, पण मी प्रयत्नच केला नाही.

एकच घोटाळा झालाय. मार्करनं लिहिल्यापासून जिममधल्या अर्ध्या पोरांचे "शंभर" आता शंभराच्या खालीच भरायला लागलेत. दोघं माझ्याशी बोलत नाहीत. एकानं तर रात्री सगळे आकडे थिनर लावून पुसले. मालक म्हणतो, पुन्हा काटा आणलास तर फी डबल.

वडगावची_सून

अभिनंदन! माझे ३३ मिनिटं ४० सेकंद.

खानापूरचा_सध्या_पुण्यात

चार चकत्या माझ्या नावावर लिहा, दिवाळीला येतो तेव्हा घेतो. पण आमचा रॉड जाड टोकाचा आहे, पन्नास मिमीचा.

लेथवाला

मग बोअर ५१ लागेल आणि जाडी ११ करायला लागेल. पैसे नकोत, येताना पुण्याची बाकरवडी आणा.